भिंतीतून काढलेली वायर

पुण्यातल्या एका मोठ्या थिएटरात मानसिंगरावांनी पाठीमागून घोडे येताना ऐकले आणि रहिमतपूरला परत येईपर्यंत त्यांना दुसरं काही सुचलं नाही. टापांचा आवाज मागच्या भिंतीकडून निघाला, डोक्यावरून गेला आणि पडद्यात शिरला. शेजारचा माणूस दचकून मागं बघायला लागला. मानसिंगराव वळले नाहीत. पलटणीतली सगळी नोकरी त्यांनी वायरमन म्हणून काढली होती. आवाज मागून आला म्हणजे मागं कुठंतरी डबा टांगलाय, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक. मध्यंतरात त्यांनी भिंतीवरचे सगळे स्पीकर हेरून ठेवले आणि आपल्या यमाई टॉकीजला हे झालंच पाहिजे, असं मनाशी ठरवून ते गाडीत बसले.

यमाई टॉकीज म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढं जमिनीवर बसणारे, मागं बाकडी, आणि उजव्या अंगाला कमरेएवढ्या भिंतीनं वेगळी काढलेली बायकांची जागा. उजवीकडची भिंत राहत्या घराचीच होती. टॉकीज बांधताना ती भिंत धरून हॉल उठवला, तेवढंच विटांचं काम वाचलं. तिच्या पलीकडं घरातली मागची खोली. खोलीच्या कोपऱ्यात न्हाणी होती, आणि घरातली बाळंतपणंही तिथंच व्हायची.

त्या खोलीवर मानसिंगरावांचा राग होता. त्यांच्या पत्नीची, साळूबाईंची, पहिली दोन बाळंतपणं तिथं वाया गेली. दोन्ही मुलं न रडताच गेली. तिसऱ्या खेपेला तानू झाली, ती मात्र असा टाहो फोडून आली की रजेवर आलेले मानसिंगराव अंगणात उभ्या उभ्या लहान पोरासारखे रडले. आता तीच तानू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. सगळं घर आनंदात होतं आणि मानसिंगराव तोंडावर आनंद ठेवून येता-जाता त्या खोलीच्या दाराकडं बघत होते. मनातलं बोलून दाखवणं त्यांना अभद्र वाटायचं. म्हणून त्यांनी स्पीकरच्या कामात डोकं घातलं.

सुताराकडून दोन पेट्या करून घेतल्या. प्रश्न उरला वायरचा. अँप्लिफायर होता पडद्यामागं, नवे स्पीकर जायचे मागच्या टोकाला, एक डाव्या भिंतीवर आणि एक उजव्या; म्हणजे वायर हॉलच्या लांबीभर फिरवायला हवी. एवढ्या लांब बारीक वायर नेली तर आवाज वाटेतच दमतो. जाड पाहिजे, आणि तांबं चोख पाहिजे. ते सांगलीला आप्पासोंच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. आप्पासोंनी प्लॅस्टिकची बारीक दुपेडी वायर दाखवली. जाड वायर दोन महिने तरी यायची नाही म्हणाले. मानसिंगराव उठायला लागले तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक जुनं भेंडोळं खाली टाकलं. वर काळ्या सुताचं वेष्टण, आत बोटभर जाड वाटावी अशी तार. जागोजाग चुन्याचे खपले चिकटलेले, आणि बंद घर उघडल्यावर येतो तसा ओलसर वास.

मानसिंगरावांचा स्वभाव शंकेखोर. दूधवाल्याला हे म्हशीची जात विचारतील, असं साळूबाई चारचौघांत सांगायच्या. त्यांनी चाकूनं टोक खरवडलं. तांबं लालभडक निघालं. मग विचारलं, ही आली कुठून.

"भित्तीतनं काढलीया," आप्पासो म्हणाले.

"कुणाच्या भित्तीतनं?"

आप्पासोंनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवायला घेतला. चोरीचा माल असेल, असा मानसिंगरावांना दाट संशय आला. पण तांबं डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि स्टेशन गाठलं.

पहिल्या खेळाला टॉकीज डोक्यावर घेतलं लोकांनी. हाणामारी झाली की मागून ठोसे, पाऊस पडला की चारी बाजूंनी पाऊस. पुढं बसलेल्यांनी टोप्या उडवल्या. मानसिंगराव दारात उभे राहून मिशीला पीळ देत होते, आणि खरोखर त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस रहिमतपुरात नव्हता.

गडबड निघाली ती बायकांच्या खेळाला. आठवड्यातून एकदा दुपारी खास महिलांसाठी खेळ असायचा. त्या वेळी बायकांच्या दारावर धोंडुबाई असायच्या. तिकीट फाडणं, भांडणं मोडणं, रडणारं पोर आईसकट बाहेर काढणं, सगळं त्यांच्याकडं. खेळ सुटल्यावर त्या मानसिंगरावांकडं आल्या आणि पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"मालक, बायका आज आदीच रडल्या," त्या म्हणाल्या.

"आदी म्हंजे?"

"त्या पिच्चरमदली सासू मरती न्हवं, ती मराय लागायच्या आदीच. मागल्या अंगाच्या बायकांनी डोळं पुसलं, मंग ती मेली."

मानसिंगरावांनी ते उडवून लावलं. सांगली-साताऱ्याला कुणीतरी सिनेमा बघून आली असेल, आणि तिनं शेजारणीला सांगितलं असेल. धोंडुबाई होय म्हणाल्या खऱ्या, पण जाताना मागच्या पेटीकडं बघून गेल्या.

पुढच्या खेळाला मानसिंगराव स्वतः मागच्या पेटीखाली जाऊन बसले. पडद्यावर नायक आईच्या पाया पडत होता. "आई, मी आलो," असं त्यांच्या डोक्यावरची पेटी म्हणाली. नायकाचे ओठ मिटलेले होते. मग ते हलले, आणि पुढच्या पेटीतून तेच शब्द आले.

एक अँप्लिफायर, एक फिल्म, एकच आवाज. तो एका टोकाला आधी आणि दुसऱ्या टोकाला नंतर कसा पोचेल? मागं उशिरा पोचला असता तर कारण शोधता आलं असतं. आधी पोचायला मार्गच नव्हता. म्हणजे यात माणसाचा हात आहे, असं मानसिंगरावांनी ताडलं, आणि हात म्हटल्यावर ज्योतिबाचा. ज्योतिबा ऑपरेटर. टॉकीज उघडलं तेव्हापासूनचा. वरच्या खोलीत त्यानं दुसरं यंत्र लपवलंय, कुणीतरी टॉकीज बदनाम करायला त्याला फितवलंय, असं काहीबाही त्यांच्या मनात यायला लागलं. ते न सांगता जिना चढून जायचे. त्याचा डबा, त्याची वळकटी, सगळं त्यांनी चाचपलं. शेवटी एका दुपारी त्याला खाली बसवून त्यांनी स्वतः मशीन चालवलं, आणि खेळ संपल्यावर विचारलं.

ज्योतिबा घामानं भिजला होता.

"पयल्यापरीस जास्त फुडं गेलंय, मालक," तो म्हणाला. "आता वाक्य सबंद येतंय. माज्यावर ठेवता त्यो डोळा त्या वायरवर ठेवा."

मानसिंगरावांना लाज वाटली. पण संशय काही ज्योतिबावरून उठून वाऱ्यावर गेला नाही. तो वायरवर जाऊन बसला.

त्यातच तानूनं एक गोष्ट सांगितली, तीही हसत हसत. अवघडलेली असली तरी बायकांच्या खेळाला ती हटकून जाऊन बसायची. "आबा, तुमच्या टॉकीजात पोरं दोनदा रडत्यात," ती म्हणाली. तिच्या शेजारच्या बाईचं मूल मांडीवर गाढ झोपलेलं. वरून रडण्याचा आवाज आला. बाईनं सवयीनं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटायला लागली. मूल झोपेतच होतं. बरंच थोपटून झाल्यावर त्यानं डोळे उघडले आणि रडायला सुरुवात केली, अगदी तसंच, मधे उचकी लागली तीसुद्धा.

सिनेमात मूल नव्हतं. मानसिंगरावांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे पेटी आता फिल्ममधलंच बोलत नव्हती. त्या भिंतीशी जे कानावर पडायचं होतं, ते बोलत होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी काळी वायर काढली आणि दुसऱ्या दिवशी सांगलीहून प्लॅस्टिकची बारीक वायर आणून जोडली. आवाज मरतुकडा झाला. पण पुढचा आणि मागचा शब्द एकाच वेळी यायला लागला. धोंडुबाईंनी देवाला नारळ फोडला. ज्योतिबा पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला. काळी वायर मानसिंगरावांनी गुंडाळून पडद्यामागं ठेवली. फेकून का दिली नाही, हे त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. तांबं चोख आहे, असं ते साळूबाईंना म्हणाले.

तानूचे दिवस भरत आले. सुईण दगडाबाई येऊन पोट बघून गेल्या. सगळं बेतशीर आहे म्हणाल्या. साळूबाईंनी ती मागची खोली सारवून घेतली, बाज टाकली, शेगडी आणून ठेवली. मानसिंगराव ते बघत होते.  त्यांना सारखे ते दोन दिवस आठवायचे, दार बंद, आतून बायकांची कुजबुज, आणि आपण बाहेर उभे राहून एकाच आवाजाची वाट बघतोय.

सिनेमा बदलायचा होता. जुन्या फिल्मचा डबा गेला होता, नव्याचा यायचा होता, दुपारी टॉकीज रिकामं होतं. मानसिंगरावांनी आतून कडी घातली. पडद्यामागं जाऊन काळी वायर सोडवली आणि उजवीकडच्या पेटीला जोडली. मशीन बंद, फिल्म नाही. फक्त अँप्लिफायर चालू केला. मग ते बायकांच्या जागेत, भिंतीला पाठ लावून बसले. आपण वेड्यासारखं करतोय, हे त्यांना कळत होतं. पण वायर दर खेळाला आणखी पुढचं बोलत गेली होती, आणि रडण्याचा आवाज आधी ऐकायला मिळणार असेल, तर तो त्यांना हवा होता.

बराच वेळ नुसती घरघर. पत्र्यावर उन्हानं होणारी टकटक.

मग पाण्याचा आवाज आला. तांब्या बुडवल्याचा.

"पानी आन गं आजून. लय कडक नगं." आवाज दगडाबाईंचा होता.

साळूबाई काहीतरी पुटपुटल्या. बांगड्या वाजल्या.

"मानंखाली हात धर. हां. आसं."

मानसिंगराव ताठ बसले. आता रडेल. आता.

धाड धाड असा आवाज झाला, कुणीतरी किंचाळलं. मग एक भांडं मोठ्यानं वाजलं. तो आवाज त्यांना माहीत होता. मूल जन्मून रडलं नाही तर सुईण त्याच्या कानाशी ताट बडवते. साळूबाईंच्या दोन्ही वेळी ताट वाजलं होतं.

त्यानंतर फक्त पाणी वाहत राहिलं, न्हाणीतून मोरीकडं.

आणि तानूचा आवाज आला, अगदी हळू.

"आई, ह्यो रडत का न्हाई?"

मानसिंगरावांनी दोन्ही हातांनी वायर उपसून काढली. पेटी खाली पडली आणि तिची फळी फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांनी तानूला मिरजेला दवाखान्यात नेलं. घरात केवढा आरडाओरडा झाला. साळूबाई चिडल्या, पहिलं बाळंतपण घर सोडून कुणी करतं का म्हणाल्या. दगडाबाईंचा तर अपमानच झाला. मानसिंगराव कुणालाच कारण सांगू शकले नाहीत. काळ बदलला, एवढंच धरून बसले. त्या खोलीत हे व्हायचंच नाही, मग ऐकलेलं खरं कसं होणार, असा त्यांचा हिशेब होता. वायर त्यांनी जाताना बरोबर घेतली आणि गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा डब्याच्या दारातून खाली सोडून दिली.

मिरजेला तानूला मुलगा झाला. मानसिंगराव व्हरांड्यात उभे होते. आतून टाहो आला. बाकड्यावर बसून त्यांनी तोंडावर टोपी धरली. नर्स बाहेर येऊन हसली, म्हणाली, पोरगं लय भांडकुदळ निघणार. पुढचे काही दिवस ते मुलाच्या रडण्यानं जागे व्हायचे आणि देवाचं नाव घ्यायच्याऐवजी हसायचे. एवढं रडकं नातवंड सबंध वॉर्डात नव्हतं.

घरी आले तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. साळूबाईंचा राग नातवाच्या तोंडाकडं बघून कधीच गेला होता. दगडाबाईंना निरोप गेला, आणि त्याही मानापमान विसरून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाल्या. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं काम त्यांचंच.

मानसिंगराव सोप्यात चहा पीत बसले होते. ज्योतिबा येऊन नव्या सिनेमाबद्दल सांगून गेला होता. अंगणात ऊन पडलं होतं, शेगडीवर ओवा टाकल्याचा वास घरभर दरवळत होता. मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं. बाळंतीण न्हाताना पुरुषमाणूस तिकडं फिरकत नाही. तिथं काय चालतं, काय बोलतात, हे घरातल्या कुठल्याच पुरुषाला ठाऊक नसतं.

आतून तांब्या बुडवल्याचा आवाज आला.

"पानी आन गं आजून," दगडाबाई म्हणाल्या. "लय कडक नगं."

बशी मानसिंगरावांच्या हातात तशीच राहिली.

साळूबाई काहीतरी पुटपुटल्या. बांगड्या वाजल्या.

बाळंतपण नव्हतंच ते. मानसिंगरावांना एकदम कळलं. न्हाऊ घालताना हे मूल आकांत करायला हवं होतं. ते रडत नव्हतं. दगडाबाईंच्या पायांवर पालथं, ऊन पाण्यानं सुखावून पडलं असेल. किंवा नसेल.

"मानंखाली हात धर. हां. आसं."

 ते उठले, धावले, आणि बंद दारावर दोन्ही मुठींनी धाड धाड मारायला लागले.

दुसऱ्या ठोक्याला त्यांनी तो आवाज ओळखला. हात थांबवेपर्यंत आत कुणीतरी दचकून किंचाळलं होतं, आणि तांब्याचं घंगाळ फरशीवर आदळून वाजत राहिलं.

मग वाजायचं थांबलं. पाणी मोरीकडं वाहत होतं.

मानसिंगराव दाराला कपाळ टेकून उभे राहिले. पुढचं त्यांना माहीत होतं. ओठ दाबून धरूनही ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, हळू, बाईमाणसाच्या सुरात:

"आई, ह्यो रडत का न्हाई?"

दारापलीकडं कुणी हललं नाही. मग आतून तानूनं तेच विचारलं.